परदेशी धम्ममित्र सावंतवाडीत येणार आहेत? यजमान तरुणांनी हे माहीत करून घ्यावे

गोव्यात मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला आणि सावंतवाडी परदेशी प्रवाशांच्या हाकेच्या अंतरावर आली. मोपाहून पत्रादेवी, बांदा ओलांडून महामार्गाने निघाले की साधारण तासाभरात माणूस मोती तलावाच्या काठावर पोहोचतो. त्यामुळे श्रीलंका, थायलंड, तैवान येथील उपासक किंवा बाबासाहेबांच्या विचारांचा अभ्यास करणारे परदेशी विद्यार्थी गोव्यात उतरले, तर त्यांना आपल्या वाडीत, आपल्या विहारात बोलावणे आता अवघड राहिलेले नाही.

अवघड आहे ते पुढचे. त्यांना कोणता व्हिसा लागतो, ते रात्री कुठे राहतील, विहारात त्यांनी दोन शब्द बोलले तर चालते का, दानपेटीत पैसे टाकले तर काय होते? या प्रश्नांची उत्तरे मोठ्या हॉटेलवाल्याला ठाऊक असतात, कारण त्याच्याकडे त्यासाठी माणूस नेमलेला असतो. आपल्याकडे प्रेमापोटी बोलावणे होते आणि कागद राहून जातो. अशा वेळी चौकशी होते ती वाडीतल्या घरमालकाची आणि विहार समितीच्या अध्यक्षाची. म्हणून आम्ही सामाजिक कामातली मंडळी ही माहिती यजमानांसाठी एकत्र मांडत आहोत. पाहुण्याला पाठवायची माहितीही यातच आहे.

पहिली पायरी : व्हिसा

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही. श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम, जपान, तैवान यांसह बहुतेक देशांच्या नागरिकांना ई-व्हिसा मिळतो. बांगलादेशातील बौद्ध बांधवांना मात्र ई-व्हिसाची सोय नाही, त्यांना भारतीय दूतावासातून नेहमीचा व्हिसा घ्यावा लागतो. ई-पर्यटक व्हिसा 30 दिवस, एक वर्ष आणि पाच वर्षे अशा मुदतींचा असतो. अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी करायचा असतो, पण पाहुण्याला दोन-तीन आठवडे आधीच करायला सांगावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी, जादा पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, हे पाहूनच अर्ज भरायला सांगा. ऑक्टोबर 2025 पासून विमानतळावर कागदी कार्ड भरण्याऐवजी प्रवासाच्या आधीच्या 72 तासांत ऑनलाइन आगमन कार्ड भरण्याची सोय झाली आहे, तेही कळवावे.

आता आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा नियम. परदेशी नागरिकाचा व्हिसा कोणताही असो, त्याला धार्मिक स्थळी जाण्याची, वंदनेला बसण्याची, प्रवचन ऐकण्याची मोकळीक आहे. मात्र धर्मविचाराचा प्रचार करणे, धार्मिक स्थळी भाषण देणे, धर्मविषयक पत्रके किंवा चित्रफिती वाटणे आणि धर्मांतराचे काम करणे यांना परवानगी नाही. म्हणजे पर्यटक म्हणून आलेले थाई भन्ते आपल्या विहारात वंदनेला बसू शकतात, पण ‘परदेशी भन्तेंची धम्मदेसना’ असा फलक छापून त्यांना माईकसमोर उभे केले, तर आपण त्यांना आणि समितीला अडचणीत आणतो. फलकाचा फोटो समाजमाध्यमांवर जातो आणि तोच पुरावा ठरतो. परिषदेसाठी बोलवायचे असेल तर परिषदेचा वेगळा व्हिसा असतो आणि धर्मकार्यासाठीही वेगळा व्हिसा असतो. शंका असेल तर निमंत्रण पाठवण्याआधीच ओरोसला जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातील परदेशी नागरिक नोंदणी कक्षाकडे लेखी विचारणा करा आणि उत्तराची प्रत जपून ठेवा.

दुसरी पायरी : चोवीस तासांची नोंद

परदेशी माणूस ज्याच्याकडे मुक्काम करतो, त्याने 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यायची असते. आजवर याला ‘सी फॉर्म’ म्हणत आले आहेत. 1946 चा परदेशी नागरिक कायदा जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झाला, पण ही जबाबदारी कायम आहे. हॉटेल, लॉज, धर्मशाळा, वसतिगृह यांच्याप्रमाणेच खासगी घरालाही ती लागू आहे. ‘आम्ही पैसे घेतले नाहीत, तो आमचा मित्र आहे’ असे म्हणून सुटका होत नाही.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे. माहिती भरण्यासाठी घरमालकाला किंवा संस्थेला आधी इमिग्रेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर खाते उघडावे लागते आणि ते मंजूर व्हावे लागते. पाहुणा दारात उभा असताना हे जमणार नाही. म्हणून मुक्काम ठरताच खाते उघडा, घराच्या पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवा आणि पासपोर्ट, व्हिसा व फोटो यांच्या प्रती पाहुण्याकडून आधीच मागवून घ्या. हे शक्य नसेल तर सरळ मार्ग असा की रात्रीचा मुक्काम शहरातल्या नोंदणीकृत लॉजवर आणि दिवसभर पाहुणा आपल्याकडे. खोली आरक्षित करण्याआधी ‘परदेशी पाहुणे घेता का?’ हे फोनवर विचारून घ्या, कारण नोंदीच्या कटकटीमुळे काही लहान लॉज त्यांना नकार देतात.

ज्यांच्या घरी एखादी चांगली खोली, स्वच्छ संडास-बाथरूम आणि पाण्याची सोय आहे, त्यांनी राज्याच्या पर्यटन विभागाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत घराची नोंदणी करण्याचा जरूर विचार करावा. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर किनाऱ्यावर घरोघरी खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. रस्त्यापासून आत, गावाच्या कडेला वसलेल्या आपल्या वाड्यांना त्यातला वाटा फारसा मिळाला नाही. आपली मुले गोव्यातल्या हॉटेलांत खोल्या झाडतात, स्वयंपाकघरात राबतात, परदेशी माणसाला काय हवे-नको ते त्यांना पाठ असते. तेच कौशल्य आपल्या गावात, आपल्या नावाने वापरायचे झाले तर सुरुवात अशा नोंदणीपासूनच होते.

तिसरी पायरी : दान आणि दाम यांतला फरक

पाहुणा भारावतो, पाकीट काढतो आणि विहाराच्या बांधकामासाठी काही हजार रुपये पुढे करतो. इथे थांबा. परदेशी नागरिकाने भारतात बसून, भारतीय रुपयांत दिलेले दानसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘परदेशी योगदान’ असते. ते घेण्यासाठी संस्थेची 2010 च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर असे पैसे केवळ स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावे लागतात. गावच्या विहार समितीकडे ही नोंदणी सहसा नसते. तेव्हा हात जोडून, नियम समजावून दान नाकारायचे. पाहुण्याला ते कळते.

दान आणि दाम मात्र वेगळे. राहण्याचे भाडे, जेवणाचे पैसे, गाडीभाडे, वाटाड्याचा मोबदला हे सेवेचे मोल आहे. रीतसर दर ठरवून, पावती देऊन ते घेता येते. दर आधीच सांगा. घासाघीस नको आणि ‘तुम्हाला वाटेल ते द्या’ असेही नको, त्याने पाहुणा संकोचतो आणि आपलेही नुकसान होते.

परदेशी नोकरी करणारे, पण भारतीय पासपोर्ट कायम असलेले आपले नातेवाईक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत जे देतात, ते परदेशी योगदानात मोडत नाही. ज्यांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी दानाच्या बाबतीत ते परदेशीच मानले जातात. हा फरक समितीच्या खजिनदाराला तोंडपाठ असला पाहिजे.

येण्याची वेळ आणि वाट

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. मार्चपासून उकाडा वाढतो आणि जूनपासून कोकणचा पाऊस सुरू होतो. सावंतवाडीजवळच्या आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे परदेशी माणसाला आकड्यात सांगावे लागते, नुसते ‘जोरदार पाऊस’ म्हणून त्याला कल्पना येत नाही. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्खूंचा वर्षावास असतो, त्यामुळे या काळात त्यांना प्रवासाचे निमंत्रण देणेच योग्य नाही. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, तेही टाळावे.

मुंबईत उतरणाऱ्यांसाठी रेल्वे उत्तम. दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस थेट सावंतवाडी रोडपर्यंत येते. दिवसा चैत्यभूमीला अभिवादन करून रात्री दादरलाच गाडी धरता येते. एक सावधगिरी : ही गाडी मध्यरात्री बारानंतर सुटते, म्हणून तिकिटावरची तारीख नीट समजावून सांगा. ‘सहा तारखेची गाडी’ म्हणजे पाच तारखेची रात्र, हे न कळल्याने पाहुणा एक दिवस उशिरा फलाटावर येऊ शकतो. कोकणकन्याही इथे थांबते. आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा गाड्या हळू धावतात. सावंतवाडी रोड स्थानक शहरात नसून काही किलोमीटर दूर मळगावात आहे, तेव्हा रिक्षा आधीच सांगून ठेवा.

गोव्यातून यायचे तर पणजी-सावंतवाडी एस.टी. आणि कदंबच्या गाड्या आहेत. चिपी विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, पण तिथली विमाने भरवशाची नसल्याने मोपा किंवा दाबोळी धरूनच बेत आखावा. गोव्यात भाड्याने घेतलेली दुचाकी घेऊन कोणी येणार असेल तर त्याच्याकडे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि डोक्यावर हेल्मेट हवे. गोव्यातली दारू सोबत आणू नका, हे स्पष्ट शब्दांत सांगा. इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याची तपासणी होते आणि बाटली पाहुण्याच्या पिशवीत सापडली तरी गाडी चालवणारा आपला पोरगा त्यात अडकतो.

आणखी तीन वस्तू घरीच ठेवायला सांगा. उपग्रह फोन किंवा उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र परवानगीविना भारतात बाळगता येत नाही, गोव्याच्या विमानतळावर यावरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. आणि ड्रोनचे नियम इतके कडक आहेत की तो न आणलेलाच बरा.

पैशांसाठी शहरात एटीएम आहेत, पण परदेशी कार्ड प्रत्येक यंत्रात चालेलच असे नाही. आपल्याकडे भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे मोबाईलवरून पैसे घेतात, परदेशी माणसाला मात्र ती सोय सहजी मिळत नाही. त्याने विमानतळावरच थोडे रुपये आणि पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्यावे. वाड्यांत सगळीकडे रेंज नसते, म्हणून पत्ता आणि यजमानाचा फोन क्रमांक मराठीत कागदावर लिहून त्याच्या खिशात असू द्यावा.

तब्येत सांभाळा

पाणी उकळून द्या, मच्छरदाणी द्या. पावसाळ्यात लेप्टोचा धोका असतो, म्हणून फोटोच्या हौसेपायी कुणाला अनवाणी चिखलात उतरवू नका. 2016 पासून दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतल्या काही गावांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीमार्फत पसरतो आणि तो हिवाळा-उन्हाळ्यात, नेमका पाहुण्यांच्या व काजूच्या हंगामात, डोके वर काढतो. रानात फिरवायचे असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, परतल्यावर अंघोळ, आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य खात्याला खबर, एवढे पाळावे. रात्री बाहेर पडताना बॅटरी हवीच, साप कोकणात नवे नाहीत. रुग्णवाहिकेसाठी 108, कोणत्याही संकटात 112 आणि पर्यटकांसाठी अनेक भाषांत चालणारा मदत क्रमांक 1363 हे तिन्ही पाहुण्याच्या फोनमध्ये आधीच भरून द्या.

विहारात आल्यावर

श्रीलंका-थायलंडहून आलेल्या भिक्खूंना दुपारी बारानंतर जेवण चालत नाही. कार्यक्रम लांबला म्हणून एक वाजता ताट वाढणे म्हणजे त्यांना दिवसभर उपाशी ठेवणे. स्त्रियांनी वस्तू थेट हातात देऊ नये, असा त्यांचा विनय आहे. आपल्या माता-भगिनींना तो आधी सांगावा, नाहीतर ऐनवेळी उगाच अपमान वाटतो. जेवणात घावणे, काजूची उसळ, सोलकढी असा आपला साधा बेत करा, तिखट बेताने.

आपल्या विहारात बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची प्रतिमा पाहून काही पाहुणे विचारतात, ‘हे कोण? हे तुमचे देव का?’ याचे उत्तर पाठ केलेले नको, समजून दिलेले हवे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात काय घडले, 22 प्रतिज्ञा कशासाठी होत्या, आपल्यासाठी धम्म म्हणजे माणूसपण परत मिळवण्याचा मार्ग का आहे, हे दोन-चार तरुणांना इंग्रजीत शांतपणे सांगता आले पाहिजे. विहारातली ही ओळख करून देण्याची तालीम आधी घ्या. शहरात फिरतानाही ती उपयोगी पडते.

कारण शहर पाहायला निघाले की राजवाडा येतो आणि राजवाड्यात गंजिफा येतो. हाताने रंगवलेली ही गोल पाने सावंतवाडीचा अभिमान आहेत. दशावतारी गंजिफ्यात दहा संच आणि 120 पाने असतात आणि त्यात बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणून जागा दिलेली असते. परदेशी बौद्ध पाहुणा ते पान हातात घेऊन आपल्याकडे पाहील. तेव्हा कारागिराशी वाद घालण्याचे कारण नाही, तो आपली कला सांभाळतो आहे. त्याचे पान विकत घ्यावे, चितार आळीतली लाकडी खेळणीही घ्यावीत. पण बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे आपण का मानत नाही आणि बाबासाहेबांनी ते पाचव्या प्रतिज्ञेत स्पष्टपणे का नाकारले, हे बाहेर आल्यावर सांगणे आपले काम आहे. ते दुसरा कोणी वाटाड्या सांगणार नाही.

वाटेवरच्या खुणा

कोकणात बुद्ध परका नाही, हेही दाखवता येते. मुंबईहून मोटारीने येणाऱ्याला महाडचे चवदार तळे आणि महामार्गालगतची गांधारपाले लेणी लागतात. वाकडी वाट केली तर दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची लेणी आणि मंडणगड तालुक्यातले आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, पाहता येते. पणजी-सावंतवाडी रस्त्यावर म्हापशानंतर कोलवाळ येते, तिथे 1930 मध्ये फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली. आणि ज्या दाबोळीला पर्यटकांची विमाने उतरतात, तिच्या शेजारच्या सांकवाळ गावात 1876 मध्ये धर्मानंद कोसंबी जन्मले. धम्म शिकण्यासाठी घर सोडलेल्या या माणसाने 1902 मध्ये श्रीलंकेत विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांकडे प्रव्रज्या घेतली. अनोळखी कोकणी माणसाला तेव्हा तिथल्या विहाराने आसरा दिला होता. श्रीलंकेच्या पाहुण्याला ही गोष्ट जरूर सांगा.

शेवटी एक अपेक्षा. वस्ती दाखवताना गरिबीचे प्रदर्शन मांडू नका. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू देऊ नका, चॉकलेट-पैसे वाटू देऊ नका. पाहुण्याला अभ्यासिका दाखवा, बचत गटाच्या बायकांशी बोलू द्या, समता सैनिक दलाच्या मुलांना भेटू द्या. जातीचा त्रास आजही कसा होतो असे त्याने विचारले तर खरे सांगा, त्यात लाजण्यासारखे आपल्या बाजूने काही नाही.

‘येवा, कोकण आपलोच आसा’ अशा पाट्या जिल्हाभर दिसतात. त्या ‘आपलो’मध्ये आपली वाडी मोजली जाते का, हा प्रश्न आपण इतरांना विचारत राहूच. दरम्यान प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे : नोंदणी करता येतील अशा चार-पाच घरांची यादी, इंग्रजी बोलू शकणाऱ्या मुला-मुलींची नावे, आणि व्हिसा, 24 तासांची नोंद व दान यांचे नियम ठाऊक असलेला एक जबाबदार माणूस. येणारा हिवाळा सुरू होण्याआधी ही तयारी झाली, तर पाहुणा आला म्हणून कुणाची धांदल उडणार नाही आणि पाहुणा गेल्यावर कुणाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.